‘राहणार’ कुठली?

(बेव्हर्ली पार्क, मीरा रोड येथील महिला गटाच्या बैठकीतील भाषण)



अर्जात नावापुढे आपण लिहितो, ‘रा. बेव्हर्ली पार्क, मीरा रोड’. रा. म्हणजे राहणार. सरकारी खिडकीवर मात्र दुसरा शब्द भेटतो : अधिवास, म्हणजेच डोमिसाईल. बोलताना दोन्हींचा अर्थ घर असाच. कायद्यात ते वेगळे आहेत, आणि त्या फरकाची किंमत बाई मोजते.

अधिवास म्हणजे कायम राहण्याच्या इराद्याने जिथे वस्ती केली तो मुलूख. राज्यघटनेचे ५ वे कलम भारतातल्या अधिवासाबद्दल बोलते. राज्याचा वेगळा अधिवास नसतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली प्रदीप जैन खटल्यात सांगितले आणि जानेवारी २०२५ मध्ये तन्वी बहल खटल्यात पुन्हा सांगितले. म्हणजे आपण आणतो ते ‘अधिवास प्रमाणपत्र’ खरे तर रहिवासाचाच दाखला.

आता १९२५ चा भारतीय वारसा कायदा बघा. कलम १५ व १६ म्हणतात : लग्नाने बाईला नवऱ्याचा अधिवास मिळतो, आणि तो बदलेल तसा तिचाही बदलतो. कोर्टाने विभक्त केले असेल तर गोष्ट वेगळी. नुसते टाकून दिले तर नाही. हिंदू, मुस्लिम, बौद्ध, शीख, जैन यांना हा भाग लागू नाही; ख्रिस्ती आणि पारशी मैत्रिणींना आहे. ज्या इंग्रजांकडून हा नियम आला, त्यांनी तो १९७३ च्या कायद्याने मोडीत काढला.

नियम थोड्यांना लागू असला तरी विचार सगळ्यांच्या मानगुटीवर आहे. २०२४ साली ‘लाडकी बहीण’ योजना आली. परराज्यात जन्मलेल्या बाईने महाराष्ट्रातल्या पुरुषाशी लग्न केले असेल, तर नवऱ्याचा जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला किंवा अधिवास प्रमाणपत्र चालेल, असे ठरले. सवलत चांगलीच. पण सहा वर्षांपूर्वी लग्न होऊन आलेल्या आणि नवऱ्याने घराबाहेर काढलेल्या बाईने ते कागद कुठून आणायचे? स्वतःचे रेशनकार्ड वा मतदार ओळखपत्र दाखवायचे तर ते पंधरा वर्षांपूर्वीचे हवे!

उलट ‘राहते’ हा साधा शब्द आपल्या बाजूचा आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यात बाई तात्पुरती राहते तिथल्या कोर्टातही अर्ज करता येतो. माहेरी, मैत्रिणीकडे, आधारगृहात, कुठेही. हिंदू विवाह कायद्यातही २००३ पासून बायकोला ती राहते तिथे दावा लावता येतो. आणि सासरचे घर कुणाच्याही नावावर असो, २००५ च्याच कायद्याच्या कलम १७ ने तिला तिथे राहण्याचा हक्क दिला आहे.

तेव्हा दोन कामे. रेशनकार्ड, मतदारयादी, बँक, भाडेकरार यांत आपले नाव आजच घालून घ्या आणि प्रती स्वतःजवळ ठेवा. आणि मागणी एकमुखाने करा : बाई जिथे राहते, तिथली ती. त्यासाठी नवऱ्याचा दाखला लागू नये.