पाय दुखतात म्हणून घेतलेली गोळी

(नवापूर येथे पालक व वसतिगृहातील सेविकांपुढे एका परिचारिकेने केलेले भाषण)



घरात मीठ-मिरचीच्या डब्याशेजारी गोळ्यांची एक पिशवी असते. तशीच पिशवी आता वसतिगृहातल्या मुलामुलींच्या पेटीतही दिसते. डोके दुखले, ताप आला, पाळीत पोट दुखले, की हात तिकडे जातो.

त्यांना रागावण्याआधी एक ध्यानात घ्या. दिवाळीनंतर आईबाप ऊसतोडीला गुजरातेत जातात, ते उन्हाळ्यात परततात. मधले महिने मूल आजीकडे, नाहीतर वसतिगृहात. रात्री पाय दुखले तर सांगायचे कोणाला? शेजारच्या खाटेवरची मैत्रीण म्हणते, माझ्याकडे गोळी आहे.

पाय दुखण्याविषयीच मला आज जास्त बोलायचे आहे. आपल्या भिल्ल, मावची, कोकणी, पावरा कुटुंबांत सिकलसेल आहे. भारतात हा आजार १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींत प्रथम आढळला, म्हणजे आपल्याकडे ही नवी साथ आलेली नाही. तो आईबापांकडून रक्तातून येतो. दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक बाळंतपणात मुलाला आजार होण्याची शक्यता चारात एक. अंगातले पाणी कमी झाले, थंडी लागली, ताप आला, की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडे ठणकतात. मूल म्हणते, पाय दुखतात. आपण म्हणतो, खेळून दमला असेल.

मग डायक्लोफेनॅक घेतले जाते. दुखणे थांबते, आणि खरी अडचण तिथेच आहे. थांबल्यामुळे कोणी रक्त तपासत नाही. सिकलसेलमुळे मूत्रपिंडावर आधीच ताण असतो. पाणी कमी पडलेल्या अंगात ही गोळी वारंवार गेली, तर तो ताण वाढतो. उपाशीपोटी घेतली तर पोटही बिघडते.

पाकिटावर लाल रेघ पाहा. रेघ असेल, तर ते औषध डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचे नाही. डायक्लोफेनॅक त्यातलेच. पाळीत मुली घेतात त्या मेफेनॅमिक ॲसिडविषयी भारतीय भेषज संहिता आयोगाने नोव्हेंबर २०२३ मध्ये इशारा दिला होता: क्वचित कोणाला अंगावर पुरळ, ताप आणि आतल्या अवयवांना सूज अशी गंभीर ॲलर्जी होते. गोळी घेतल्यावर पुरळ उठले तर दुसरी घेऊ नका, दवाखान्यात जा. आणि कागदाच्या पुडीत बांधून दिलेल्या बिननावाच्या गोळ्या तर नकोच. त्यात स्टेरॉइड असू शकते. चेहरा सुजतो, भूक वाढते, आणि आजी खूश होते की पोर अंगाने भरले!

मग घ्यायचे काय? साध्या तापाला पॅरासिटामॉल चालते, पण वजन पाहून. ३५ किलोच्या मुलीला एका वेळी ५०० ची एक गोळी पुरे. ६५० ची तिला जास्त होते. दोन गोळ्यांत किमान सहा तास, आणि दिवसात चारपेक्षा जास्त नाही. सर्दीच्या गोळीतही पुष्कळदा पॅरासिटामॉल असते, म्हणून दोन्ही एकत्र देऊ नका.

हातपाय वरचेवर दुखणाऱ्या, डोळे पिवळट दिसणाऱ्या मुलाला प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या. १ जुलै २०२३ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत ४० वर्षांपर्यंतच्या सर्वांची सिकलसेल तपासणी आहे. बोटातल्या थेंबभर रक्ताने पहिली चाचणी होते. त्यात दोष दिसला तर दुसरी. आजार निघाला तर डॉक्टर फॉलिक ॲसिड देतात, काहींना हायड्रॉक्सियुरिया. ती औषधे नियमाने, अधूनमधून रक्त तपासत घ्यावी लागतात. छातीत दुखले, श्वास लागला, ताप चढला किंवा मूल एकाएकी पांढरेफटक पडले, तर रात्र काढू नका, लगेच रुग्णालय गाठा.

सेविका बहिणींनो, मुलांच्या पेट्या झडती घेतल्यासारख्या उघडू नका, नाहीतर गोळ्या गादीखाली जातील. रात्री दुखले तर उठवायला सांगा, आणि उठवल्यावर चिडू नका. एक वही ठेवा: कोणाला, कधी, काय दुखले, काय दिले. महिन्यात एकच नाव तीनदा आले, तर त्या मुलाला वहीसकट केंद्रात न्या. आईबाप ऊसतोडीवर असतील तर त्यांना फोनवर कळवा. तपासणीसाठी उन्हाळ्यापर्यंत थांबू नका.

जेवणानंतर मी इथेच बसणार आहे. पिशवीतल्या गोळ्या आणल्या असतील तर दाखवा, एकेक पाकीट वाचून पाहू.