फोनवरची नवी गाणी
(चाकण भागातील एका प्रौढ साक्षरता वर्गात केलेले भाषण)



आज आपण गाण्यांविषयी बोलू. गाणे कोणाला नको असते? देहू आणि आळंदी आपल्या शेजारी. दोन्ही पालख्या इथूनच पंढरीला निघतात. टाळ-मृदंग ऐकतच आपण लहानाचे मोठे झालो. आता तर प्रत्येकाच्या खिशात फोन आहे. कंपनीची बस भोसरीहून निघाली, की निम्मी माणसे कानात इअरफोन घालून बसतात.

पण जरा विचारून पाहा, "काय ऐकता?" उत्तर येते, "लागेल ते." एक गाणे संपते. फोन दुसरे लावतो. तेही संपते, तिसरे लागते. तीच पंधरावीस गाणी फिरून फिरून येतात. आवडत्या गायकाने नवा अल्बम काढला, तरी आपल्याला पत्ता नाही.

अल्बम म्हणजे काय? एका गायकाने किंवा मंडळाने एकत्र बाहेर काढलेला गाण्यांचा संच. आपल्या देशात गाण्यांची तबकडी पहिल्यांदा भरली गेली ती 1902 साली, कलकत्त्यात. त्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटांचे गाणे मावायचे. मग मोठ्या तबकड्या आल्या. पुढे कॅसेट आली. जत्रेत कॅसेटची दुकाने लागायची, ती तुमच्यातल्या पुष्कळांनी पाहिली असतील. आता तबकडीही नाही आणि कॅसेटही नाही. संच कंपनीच्या मोठ्या संगणकात ठेवलेला असतो. आपण बोट लावले, की तो थोडा थोडा करून तारेतून आणि टॉवरवरून आपल्या फोनवर येतो. गाणे ऐकून झाले, की फोनमध्ये ते राहत नाही.

फुकट ऐकणेही काही नवे नाही. पुण्याचे आकाशवाणी केंद्र 2 ऑक्टोबर 1953 रोजी सुरू झाले. 1955 साली तिथून गीतरामायण सुरू झाले. ग. दि. माडगूळकरांचे शब्द आणि सुधीर फडक्यांची चाल. आठवड्याला एक गाणे, अशी 56 गाणी झाली. गाणे नवे, ठिकाण ठरलेले, वार ठरलेला. लोक वाट पाहायचे. 1956 साली याच केंद्राने युनेस्कोच्या मदतीने पुणे, नगर, नाशिक, सातारा, कोल्हापूर या बाजूच्या सुमारे 150 खेड्यांत शेतकऱ्यांची श्रोता मंडळे चालवली. माणसे रेडिओभोवती बसायची, ऐकायची, मग आपसात बोलायची. त्या काळी रेडिओला परवाना लागे आणि त्याची फी भरावी लागे. म्हणजे फुकट म्हटले तरी कोणीतरी, कुठेतरी पैसे भरतच असते.

आज कोण भरते? जाहिरातवाला भरतो. यूट्यूब, स्पॉटिफाय, जिओसावन इथे पैसे न देता गाणी ऐकता येतात. मध्ये मध्ये जाहिरात लागते. ती आपण सोसायची. यूट्यूब फुकट वापरले, तर पडदा बंद केल्यावर गाणे थांबते. स्पॉटिफायवर फुकटात गाणे उतरवून ठेवता येत नाही. आणि डेटाचे पैसे आपले जातात, हे विसरू नका. नुसते गाणे तासभर ऐकले, तर साधारण 60 एमबी लागतात. म्हणजे एक जीबीत सोळा-सतरा तास. तेच गाणे चित्रासह पाहिले, तर कितीतरी पट जास्त जाते. ऐकायचेच आहे ना, मग चित्राला डेटा कशाला?

आता नवा संच शोधायचा कसा? भिंगाचे चित्र असते, तिथे बोट लावा. गायकाचे नाव मराठीत लिहा. तुम्ही म्हणाल, "अहो, माइकचे चित्र दाबून बोललं तरी सापडतं. अक्षरं कशाला?" खरे आहे, बोलून सापडते. पण समोर वीस गोष्टी येतात, त्यांतून निवडायचे कसे? पंडित भीमसेन जोशींचे अभंग मागा. फोटो पंडितजींचा असतो आणि गाणारा भलताच असतो. खाली तसे लिहिलेलेही असते, पण वाचतो कोण? 'कव्हर' असे लिहिले असेल, तर ते दुसऱ्याने गायलेले आहे असे समजावे. गायकाच्या पानावर 'अल्बम' हा शब्द शोधा. प्रत्येक संचाखाली साल असते. साल पाहिले, की नवे कोणते, जुने कोणते ते आपोआप कळते. जुन्या गाण्यांवर नवे चित्र चिकटवून 'नवीन' म्हणून खपवणारे पुष्कळ आहेत.

यूट्यूबवर गाणी काढणाऱ्या कंपन्यांची आपली पाने असतात. जुन्या एचएमव्हीचे नाव 2000 सालापासून सारेगम झाले. तिचे मराठीचे पान आहे. तिथे 'सबस्क्राइब' दाबले आणि घंटेचे चित्र दाबले, की नवे गाणे आल्यावर फोन आपणहून सांगतो. याचे पैसे पडत नाहीत. काही पानांवर शेजारीच 'जॉइन' असते. त्याचे मात्र दर महिन्याला पैसे पडतात. दोन शब्द, दोन अर्थ. तसेच 'फ्री ट्रायल'. पहिला महिना फुकट, आणि बंद केले नाही तर पुढच्या महिन्यापासून खात्यातून रक्कम जाते. बंद करायची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवावी.

आकाशवाणीही फोनवर आली आहे. प्रसार भारतीचे 'न्यूज ऑन एअर' हे अॅप उतरवून घ्या. त्यावर वेगवेगळी केंद्रे ऐकता येतात.

आता मला जे फार आवडते ते सांगतो. मुळशी आणि मावळ हे आपले शेजारचे तालुके. तिथल्या बाया पहाटे जात्यावर दळताना ओव्या म्हणायच्या. आईवर, भावावर, सासरच्या जाचावर, विठोबावर. त्यांतल्या पुष्कळजणींना लिहिता येत नव्हते. गावोगाव पिठाची गिरणी आली आणि जाते कोपऱ्यात गेले. त्याबरोबर ओव्याही गेल्या असत्या. पण पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हिन या दोघांनी सहकाऱ्यांना घेऊन त्या गोळा केल्या. आधी मुळशी-मावळात, मग महाराष्ट्रभर. एक हजारावर गावे हिंडून एक लाखाहून जास्त ओव्या उतरवून घेतल्या. त्यांतल्या पुष्कळ ओव्यांचा आवाजही टिपून ठेवला. 2017 सालापासून 'पारी' नावाच्या संस्थेने त्या सर्वांसाठी खुल्या करायला सुरुवात केली. पैसे नाहीत आणि जाहिरातही नाही. शोधताना 'पारी जात्यावरच्या ओव्या' असे लिहा. ओवीचे शब्द लिहिलेले असतात, आणि म्हणणाऱ्या बाईचे व तिच्या गावाचे नावही दिलेले असते.

भगिनींनो, त्यात कोणाला आपल्या मावशीचा, आत्याचा आवाजही सापडेल. गावाचे नाव वाचत जा. कानाने ऐकताना डोळ्याने वाचायचे. आपल्या वर्गासाठी याहून चांगला धडा मला तरी दिसत नाही.

आता जपण्याची गोष्ट. व्हॉट्सअॅपवर निरोप येतो, "सगळी नवी गाणी फुकट, खाली दाबा." दाबले की एक फाइल उतरते. तिच्या नावाच्या शेवटी 'एपीके' असे असते. ती फाइल अजिबात उघडू नका. गाणे ऐकवण्यासाठी कोणत्याही अॅपला तुमचे संदेश वाचायची गरज नसते, बँकेच्या ओटीपीची तर नसतेच. असे अॅप परवानगी मागू लागले, तर 'नाही' दाबा. पैसे गेलेच, तर लगेच 1930 या नंबरवर फोन करा. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणे अवघड.

अशा चोरट्या ठिकाणी ऐकले, तर गाणाऱ्याला छदामही मिळत नाही. नीट ठिकाणी ऐकले, तर जाहिरातीच्या पैशातला थोडा वाटा त्याच्यापर्यंत जातो. फार थोडा, हे खरे. पण शाहिराचे, भजनी मंडळाचे पोट त्यावरही असते.

भजनी मंडळावरून आठवले. आपल्या भागात चांगली मंडळे आहेत. त्यांच्याकडे कोणीतरी येते. म्हणते, "तुमचा अल्बम काढतो, फोनवर लावतो, तुम्ही फक्त इथे सही करा." आनंदाच्या भरात सही होते. कागद कोणी वाचत नाही. त्या कागदात काय असते? कधी असे असते, की गायलेले सगळे कायमचे त्या माणसाचे. मग तुमचेच भजन तुम्ही तुमच्या फोनवरून लोकांना ऐकवले, तर ते बंद पाडायचा हक्क त्याला. अभंग तुकोबांचा आहे, तो कोणाच्या मालकीचा नाही. पण तुमची नवी चाल तुमची, आणि ती लिहून दिली की हातची गेली. 2012 साली कायदा बदलला. गीत लिहिणारा आणि चाल लावणारा यांचा मोबदल्याचा हक्क आता सहजासहजी कोणाला काढून घेता येत नाही. तरीही कागदावर तीन गोष्टी शोधा. हक्क किती वर्षांसाठी देता, पैशात तुमचा वाटा किती, आणि हिशेब कधी मिळणार. हे तीन आकडे कागदावर नसतील, तर सांगा, "उद्या या. आम्ही वाचून ठेवतो." आणि कागद वर्गात घेऊन या. सगळे मिळून वाचू.

चला, आता फोन बाहेर काढा. आवाज बारीक ठेवा. भिंगाच्या चित्रावर बोट लावा, आणि पहिले अक्षर लिहा, 'ज'. त्याला काना, मग 'त'ला 'य' जोडून काना. झाले का सगळ्यांचे?