अमेरिकन राज्यकारभाराची परिभाषा



काल सायंकाळी आम्ही आपल्या गावी येऊन पोचलो, तेव्हा आमचा विषय ऐकून एका वृद्ध गृहस्थांनी विचारले, "अहो, त्या अमेरिकेत अध्यक्षाच्या पक्षाचे बहुमत जाते, तरी सरकार पडत कसे नाही?" प्रश्न साधा आहे, परंतु आजच्या साऱ्या विषयाचे मूळ त्यात आहे. म्हणून तेथूनच आरंभ करू.

आपण 'सरकार' म्हणतो तेव्हा आपल्या डोळ्यांपुढे मंत्रिमंडळ असते. लोकसभेचा विश्वास गेला की मंत्रिमंडळ गेले, म्हणजे सरकार पडले. अमेरिकन मनुष्य 'सरकार' म्हणतो तेव्हा त्याच्या मनात तीन स्वतंत्र शाखा एकत्र असतात : कायदे करणारी काँग्रेस, ते अंमलात आणणारा अध्यक्ष, आणि त्यांचा अर्थ लावणारी न्यायसंस्था. १७८७ साली फिलाडेल्फियात लिहिलेल्या राज्यघटनेची पहिली तीन कलमे या तीन शाखांना वाटून दिलेली आहेत. अध्यक्षाची निवडणूक निराळी, त्याची चार वर्षांची मुदत ठरलेली. ती काँग्रेसच्या मर्जीवर चालत नाही. १९९४ च्या निवडणुकीत काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांत विरोधी पक्षाचे बहुमत झाले, तरी अध्यक्ष क्लिंटन आपल्या जागी राहिले. इतकेच नव्हे, तर १९९६ साली पुन्हा निवडून आले. तेव्हा त्या गृहस्थांना आमचे उत्तर असे की, तेथे सरकार पडत नाही, कारण पडावयाला ते कोणाच्या खांद्यावर उभेच नसते.

मात्र ते बंद पडते! खर्चाची मंजुरी काँग्रेसने द्यावयाची असते. मंजुरी वेळेत मिळाली नाही, तर तातडीची कामे सोडून बाकीची खाती कुलूप लावून बसतात. २०१८-१९ च्या हिवाळ्यात कित्येक खाती अशी ३५ दिवस बंद होती, आणि २०२५ साली हा प्रकार ४३ दिवस चालला. यालाच तिकडे 'शटडाउन' म्हणतात. सरकार पडणे आपल्याकडे, आणि बंद पडणे त्यांच्याकडे!

दुसरा घोटाळा 'सेक्रेटरी' या शब्दाचा. आपल्याकडे सेक्रेटरी म्हणजे सचिव, नोकरीतला अधिकारी. अमेरिकेत 'सेक्रेटरी ऑफ स्टेट' म्हणजे परराष्ट्रमंत्री. परंतु हा मंत्री काँग्रेसचा सभासद असू शकत नाही. सभासदाला मंत्री व्हावयाचे असेल, तर आधी राजीनामा द्यावा लागतो. आपल्याकडे याच्या नेमके उलट आहे : मंत्री सहा महिन्यांत सभागृहाचा सभासद झाला नाही, तर त्याचे मंत्रिपद जाते.

हा भेद आपल्या घटनाकारांच्या नजरेतून सुटला होता असे नव्हे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनासमितीपुढे मसुदा मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दोन्ही पद्धती शेजारी ठेवून तोलल्या होत्या. कोलंबिया विद्यापीठात शिकलेल्या या विद्वानाला अमेरिकेची राज्यव्यवस्था परकी नव्हती. त्यांच्या विवेचनाचा आशय असा की, अमेरिकन पद्धतीत स्थैर्य अधिक, तर संसदीय पद्धतीत जबाबदारी अधिक. आणि मसुद्याने जबाबदारीला अधिक मान दिला आहे.

मग ज्या अध्यक्षाला सभागृह रोज जाब विचारू शकत नाही, त्याला आवर कोण घालणार? येथून खरी परिभाषा सुरू होते. सत्ताविभाजन हा शब्द आपण नेहमी ऐकतो, आणि तीन खोल्यांच्या मध्ये दोन भिंती, असे चित्र मनात आणतो. हे चित्र अपुरे आहे. त्यापेक्षा आपल्या गावच्या पतपेढीची तिजोरी आठवावी. एक किल्ली व्यवस्थापकाकडे, दुसरी रोखपालाकडे. एकट्याला ती उघडता येत नाही. अमेरिकन घटनेतील बहुतेक पारिभाषिक शब्द अशा दुसऱ्याच्या हातातील किल्ल्यांची नावे आहेत. याच व्यवस्थेला नियंत्रण आणि संतुलन असे म्हणतात.

पहिली किल्ली नकाराधिकाराची, म्हणजे 'व्हेटो'ची. काँग्रेसने विधेयक मंजूर केले, तरी अध्यक्ष ते परत पाठवू शकतो. पण त्या नकारावरही उपाय आहे. दोन्ही सभागृहांनी दोनतृतीयांश मतांनी तेच विधेयक पुन्हा मंजूर केले, तर अध्यक्षाच्या सहीवाचून कायदा होतो. १९४७ चा कामगारविषयक टाफ्ट-हार्टली कायदा अध्यक्ष ट्रुमन यांच्या नकाराला डावलून असाच झाला. याशिवाय 'पॉकेट व्हेटो' नावाचा एक मौजेचा प्रकार आहे. विधेयक हाती आल्यावर, रविवार सोडून, दहा दिवसांत अध्यक्षाने सही केली नाही आणि ते परतही धाडले नाही, तर त्याचा कायदा होतो; परंतु तेवढ्यात काँग्रेसचे अधिवेशन संपले, तर ते खिशातल्या खिशात मरते.

दुसरी किल्ली 'सल्ला आणि संमती' ही. मंत्री, राजदूत, सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश यांना अध्यक्ष निवडतो, पण सेनेटची संमती लागते. परराष्ट्रांशी केलेल्या तहाला तर उपस्थित सेनेटरांपैकी दोनतृतीयांशांची लागते. पहिल्या महायुद्धानंतर अध्यक्ष विल्सन यांनी स्वतः पॅरिसला बसून व्हर्सायचा तह घडविला. सेनेटने तो १९१९ साली आणि पुन्हा १९२० साली नाकारला, आणि ज्या राष्ट्रसंघाची कल्पना विल्सन यांनी पुढे रेटली, त्याची अमेरिका सभासदच झाली नाही.

तिसरी किल्ली महाभियोगाची. हा शब्द वाचताच लोकांस वाटते, अध्यक्ष गेला! वस्तुतः महाभियोग म्हणजे केवळ दोषारोप. तो प्रतिनिधिसभा साध्या बहुमताने ठेवते. खटला सेनेटपुढे चालतो, आणि अध्यक्षाला दूर करण्यास तेथे दोनतृतीयांश मते लागतात. अँड्र्यू जॉन्सन १८६८ साली अवघ्या एका मताने वाचले. क्लिंटन यांच्यावर १९९८ साली, तर ट्रम्प यांच्यावर २०१९ आणि २०२१ अशा दोन वेळा महाभियोग आला; तिन्ही वेळा सेनेटने दोषमुक्त केले. निक्सन यांनी ९ ऑगस्ट १९७४ रोजी पद सोडले, ते प्रतिनिधिसभेचे मत पडण्यापूर्वीच. थोडक्यात, या किल्लीने आजवर एकही अध्यक्ष पदावरून दूर झालेला नाही.

चौथी किल्ली न्यायालयीन पुनर्विलोकनाची. काँग्रेसचा कायदा वा अध्यक्षाचा हुकूम घटनेशी विसंगत असेल, तर न्यायालय तो रद्द ठरवू शकते. नवल असे की, हा अधिकार अमेरिकन घटनेत स्पष्ट शब्दांत कोठेही लिहिलेला नाही. सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनी १८०३ साली मार्बरी विरुद्ध मॅडिसन या खटल्यात तो घटनेच्या स्वरूपातूनच काढून दाखविला. आपल्या घटनाकारांनी मूलभूत हक्कांशी विसंगत कायदे निरर्थक ठरतील, असे तेराव्या अनुच्छेदात लिहूनच ठेवले.

आता शेवटचा शब्द : 'एक्झिक्युटिव्ह ऑर्डर', म्हणजे अध्यक्षाचा कार्यकारी आदेश. हा कायदा नव्हे. घटनेने किंवा काँग्रेसने दिलेल्या अधिकाराच्या मर्यादेतच तो काढावयाचा असतो. मर्यादा ओलांडली गेली तर काय होते? याच्या दोन कथा आम्ही सांगणार आहोत. आजच्या व्याख्यानात एवढे जरी आपल्या ध्यानी राहिले, तरी आमचे काम झाले.

१९५२ साली कोरियात युद्ध चालू असता पोलादाच्या कारखान्यांत संप होण्याचा रंग दिसू लागला. अध्यक्ष ट्रुमन यांनी आदेश काढून कारखाने ताब्यात घेतले. कारण मोठे होते : रणांगणावरच्या सैन्याला पोलाद हवे होते. परंतु असा ताबा घेण्याचा अधिकार काँग्रेसने दिलेला नव्हता. २ जून रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी आदेश रद्द ठरविला. ट्रुमन यांना निकाल रुचला नाही, पण कारखाने त्यांनी मालकांना परत केले. न्यायालयापाशी ना फौज होती ना खजिना. तरी किल्ली लागली.

दुसरी कथा दहा वर्षे आधीची. फेब्रुवारी १९४२ मध्ये, पर्ल हार्बरवरील हल्ल्यानंतर, अध्यक्ष रूझवेल्ट यांनी आदेश काढला. त्याच्या आधारे पश्चिम किनाऱ्यावरील जपानी वंशाच्या सुमारे १ लाख २० हजार माणसांना घरेदारे, शेते, दुकाने सोडावयास लावून काटेरी तारांमागच्या छावण्यांत नेऊन ठेवले. त्यांपैकी सुमारे दोनतृतीयांश जन्माने अमेरिकेचे नागरिक होते. काँग्रेसने काय केले? पुढच्याच महिन्यात आदेश मोडणाऱ्याला शिक्षा ठरविणारा कायदा केला. न्यायालयाने काय केले? फ्रेड कोरेमात्सू या नागरिकाने दाद मागितली, तेव्हा डिसेंबर १९४४ मध्ये सहा विरुद्ध तीन मतांनीच त्याच्याविरुद्ध निकाल दिला.

श्रोतेहो, येथे क्षणभर थांबावे. घटना तीच, शाखा त्याच, किल्ल्या त्याच. इतकेच काय, १९४४ चा आणि १९५२ चा, दोन्ही निकाल न्यायमूर्ती ह्यूगो ब्लॅक यांनीच लिहिलेले आहेत. पोलादाचे कारखाने वाचले, आणि लाखभर माणसे वाचली नाहीत. काँग्रेसने १९८८ साली कायदा करून क्षमा मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येकाला २० हजार डॉलर दिले. १९४४ चा तो निकाल चुकीचा होता, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हणावयाला २०१८ साल उजाडले. तोपर्यंत छावणीत गेलेल्यांपैकी किती जण ते ऐकावयाला उरले असतील?

यावरून आम्हांला एवढेच सांगावयाचे आहे की, राज्यघटना किल्ल्या देते. त्या कुलपाला लावण्याचे धैर्य देत नाही. तिन्ही शाखा एकमेकींशी भांडतात, तेव्हा परदेशातून पाहणाऱ्याला वाटते की कारभार बिघडला. पुष्कळदा तो खरोखर बिघडलेला असतोही. परंतु तिघीही एका सुरात बोलू लागल्या, आणि बोट एखाद्या दुबळ्या समूहाकडे असले, की खरी भीती तेव्हाची असते. कारण त्या वेळी तिजोरीच्या साऱ्या किल्ल्या एकाच जुडग्यात आलेल्या असतात.

म्हणून उद्या सकाळी वर्तमानपत्रात अमेरिकेची एखादी बातमी वाचाल, तेव्हा तीन प्रश्न मनाशी विचारावेत. हे कोणत्या शाखेने केले? ते अडविण्याची किल्ली कोणाकडे आहे? आणि तिने ती लावली काय? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे घटनेच्या पुस्तकात सापडतात. तिसऱ्याचे उत्तर माणसांत शोधावे लागते. आणि तो प्रश्न केवळ अमेरिकेलाच विचारावयाचा असतो असे नाही.