लहान इंजिनाची मोठी चढण
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून वक्त्याने एखादा थोर विषय मांडावा, अशी अपेक्षा असते. आम्ही मात्र आज एका लहान वस्तूविषयी बोलणार आहोत. ती वस्तू म्हणजे दार्जिलिंगच्या डोंगरी रेल्वेचे वाफेचे इंजिन. सुटीत मुलाबाळांसह त्या गाडीत बसून आलेली अनेक कुटुंबे या सभागृहात असतील. तिला आपण कौतुकाने 'खेळण्यातली गाडी' म्हणतो. परंतु या खेळण्याने काय साधले, ते पाहण्याजोगे आहे.

१८७८ साली लोहमार्ग सिलीगुडीपर्यंत पोहोचला. पुढचा प्रवास बैलगाडी नाही तर टांग्याने. मळ्यांतला चहा खाली आणावयाचा आणि माणसांचे धान्य वर न्यावयाचे, यात इतका खर्च होई की, सिलीगुडीच्या तांदळाला दार्जिलिंगात दुपटीहून अधिक भाव पडे. तेव्हा ईस्टर्न बेंगॉल रेल्वेचे फ्रँकलिन प्रेस्टेज यांनी एक साधी युक्ती सुचविली. डोंगर नव्याने फोडण्याऐवजी, असलेल्या गाडीरस्त्याच्या कडेनेच अवघ्या दोन फूट रुंदीचे रूळ टाकावेत. बंगालचे लेफ्टनंट गव्हर्नर सर अ‍ॅशली ईडन यांनी संमती दिली. १८७९ मध्ये काम सुरू झाले, ऑगस्ट १८८० मध्ये गाडी कर्सियांगला आणि जुलै १८८१ मध्ये दार्जिलिंगला पोहोचली.

रूळ अरुंद, वळणे तीव्र; तेथे मोठे इंजिन चालणेच अशक्य. मोठ्या इंजिनामागे कोळसा-पाण्याची वेगळी गाडी जोडलेली असते. ते ओझे इंजिनाला ओढावे लागते, पण चढणीवर त्याचा उपयोग काहीच नाही. म्हणून येथे टाकीचे इंजिन योजिले. १८८९ पासून ग्लासगोच्या शार्प-स्टुअर्ट कंपनीने घडविलेल्या 'बी' वर्गाच्या इंजिनाकडे पाहा. बॉयलरवर खोगिरासारखी पाण्याची टाकी, चाकांच्या मधल्या सांगाड्यात आणखी पाणी, आणि कोळसाही टाकीच्या माथ्यावरच. चाके चारच, सव्वीस इंच व्यासाची. पण चारही ओढणारी. सारा भार त्यांच्यावरच असल्याने ती रुळाला घट्ट धरून राहतात. जे ओझे वाटते, तेच येथे पकड देते! पाणी संपत आले की वजन घटते आणि पकडही सैल होते. वाटेत ठिकठिकाणी थांबून पाणी भरावे लागते.

तरीही काही ठिकाणी डोंगर आडवा आलाच. याविषयी एक आख्यायिका सांगतात. प्रेस्टेज हताश झाले असता त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "पुढे जाता येत नसेल, तर मागे या." खरेखोटे कोण जाणे, पण गाडी तसेच करते. ती पुढे जाऊन थांबते, सांधा बदलतो, इंजिन तिला उलटे ढकलीत वरच्या टप्प्यावर नेते. पुन्हा सांधा बदलतो आणि ती पुढे निघते. आपल्याला ही युक्ती परकी नाही. १८६३ साली सुरू झालेल्या बोरघाटाच्या मार्गावरही खंडाळ्याजवळ गाडीला असेच दिशा पालटावी लागे. बोरघाटात मात्र पंचवीस बोगदे खोदावे लागले. दार्जिलिंगच्या मार्गावर एकही नाही. आणि निलगिरीप्रमाणे दातेरी रुळाचाही आधार नाही. केवळ चाक आणि रूळ यांच्या घर्षणावर हे इंजिन ७,४०७ फूट उंचीच्या घूमला पोहोचते.

केवळ घर्षणावर असे आम्ही म्हटले, ते अपुरे आहे. पूर्वी ड्रायव्हर व फायरमन यांच्याखेरीज कोळसा फोडणारा एक गडी वर असे. इंजिनाच्या अगदी पुढच्या आडव्या पट्टीवर दोघे जण बसत आणि रूळ ओले असले की हाताने वाळू टाकीत. धुक्यात, पावसात, थंडीत ती मूठभर वाळू पडली नाही, तर चाक जागच्या जागी फिरत राहणार. इतिहासात प्रेस्टेज यांचे नाव राहिले. वाळू टाकणाऱ्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत.

डोंगराने या मार्गाची अनेकदा परीक्षा पाहिली. २०१० साली पागलाझोऱ्याजवळ दरड कोसळून सिलीगुडी-दार्जिलिंग सलग वाहतूक तुटली; ती डिसेंबर २०१५ मध्ये पूर्ववत झाली. १९९९ साली युनेस्कोने या रेल्वेला जागतिक वारशात स्थान दिले. आज डिझेल इंजिने आली आहेत, तरी दार्जिलिंग-घूम फेरीवर जुनी वाफेची इंजिने अजूनही धावतात. संग्रहालयात उभे केलेले इंजिन पाहता येते. पण चालते इंजिन टिकवावयाचे, तर ते दुरुस्त करणारे हात पिढीमागून पिढी तयार व्हावे लागतात. तिनधारियाच्या कारखान्याने तेच काम केले.

मंडळी, पन्नास वर्षांपूर्वी या परक्या गावी आपल्या वडीलधाऱ्यांनी हे मंडळ काढले, तेव्हा त्यांच्यापाशी तरी काय होते? भाषेचे आणि सणावारांचे ओझे बरोबर आणले होते, एवढेच. त्या ओझ्यानेच आपली पकड राखली. आता अहवालात ज्यांची नावे येत नाहीत, अशा वाळू टाकणाऱ्यांच्या जागी आपली मुले बसावीत, एवढीच आमची विनंती आहे. जागा पुढची आहे, वारा लागेल. पण गाडी चढते ती त्यांच्यामुळेच.