वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या नोंदी : गुप्तता आणि न्याय

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संक्षिप्त मजकूर)



शेतमालाचा भाव आणि कंत्राटी कामगारांचे वेतन हे प्रश्न दारात उभे असताना वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या नोंदींची चर्चा आपण का करावी, असे आपल्यापैकी काहींच्या मनात आले असेल. उद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर कोण येणार, मुळात येणार की नाही, याची कारणे या नोंदींत दडलेली आहेत, हे माझे उत्तर.

लंडनमधील एक घटना सांगतो. सेंट जॉर्जेस हॉस्पिटल मेडिकल स्कूल या संस्थेने १९८२ पासून प्रवेशअर्जांची पहिली छाननी संगणकाकडे सोपविली. माणसाच्या लहरीला वाव राहू नये, हा हेतू. परंतु संगणकाची आज्ञावली बेतली होती ती निवड समितीच्या जुन्या निर्णयांवरून! स्त्रियांना आणि नाव युरोपीय नसलेल्या उमेदवारांना मागे ठेवण्याची समितीची सवय त्याने इमानाने उचलली. दरवर्षी सुमारे ६० उमेदवार केवळ या कारणाने मुलाखतीला मुकले असावेत. त्याच संस्थेतील जोसेफ कॉलियर आणि ऍग्री बर्क या दोन डॉक्टरांनी लंडनच्या निरनिराळ्या वैद्यकीय महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांची तुलना करून १९८६ मध्ये हा प्रश्न मांडला, आणि वंशसमानता आयोगाच्या १९८८ च्या अहवालात दोष सिद्ध झाला. यातील खरा बोध पुढेच आहे. लंडनमधील इतर बहुतेक संस्थांपेक्षा या संस्थेची स्थिती बरी होती. तिचा भेदभाव आकड्यांत लिहिलेला होता म्हणून सापडला. इतरांचा बंद दाराआड राहिला.

म्हणून ‘विद्यार्थ्यांची माहिती गुप्त आहे’ असे सांगून संस्था जेव्हा संशोधकाला दार बंद करते, तेव्हा ती कोणाचे रक्षण करीत आहे, विद्यार्थ्याचे की स्वतःचे, हे आपण विचारले पाहिजे. तामिळनाडूत न्यायमूर्ती ए. के. राजन समितीने २०२१ मध्ये प्रवेशांच्या नोंदी तपासल्या, आणि ‘नीट’नंतर तामिळ माध्यमातून व सरकारी शाळांतून येणाऱ्या विद्यार्थ्यांचे प्रमाण घसरल्याचे दाखवून दिले. नोंदी उघडल्या नसत्या तर ही गोष्ट केवळ तक्रार म्हणून उडवून लावता आली असती.

एकट्या संस्थेच्या नोंदी मात्र अपुऱ्या असतात. महाराष्ट्रात प्रवेशाच्या नोंदी सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाकडे, विद्यापीठ परीक्षांच्या नाशिकच्या आरोग्यविज्ञान विद्यापीठाकडे, हजेरी आणि प्रात्यक्षिकांच्या महाविद्यालयाकडे. जिल्हा परिषदेच्या शाळेतून कमी गुणांवर आलेली मुलगी शेवटच्या वर्षापर्यंत इतरांची बरोबरी गाठते काय? पुढे ग्रामीण भागात कोण टिकते? हे तुकडे जोडल्याशिवाय उत्तर मिळणार नाही. आरक्षणावर ‘गुणवत्ता घसरते’ असा आरोप वर्षानुवर्षे होतो. त्याला पुराव्याने तोंड द्यायचे, तर या जोडणीला विरोध करून आपले भागणार नाही.

परंतु जोडणी म्हणजे खिरापत नव्हे. नाव आणि बैठक क्रमांक पुसला की माणूस ओळखू येत नाही, ही भाबडी समजूत आहे. दीडशे जणांच्या वर्गात सातपुड्यातल्या एका पाड्यावरून आलेली एकच मुलगी असेल, तर जिल्हा, जमात आणि प्रवेशवर्ष एवढ्यावरून ती उघडी पडते. ती एका विषयात नापास झाल्याची गोष्ट वसतिगृहात पसरली, तर संशोधनाच्या नावाखाली आपण तिच्या छळाला हत्यार पुरविले, असे होईल. ज्या वर्गात प्रवेश परीक्षेचा क्रमांक विचारणे हा जात विचारण्याचा सभ्य मार्ग झाला आहे, तेथे हा धोका काल्पनिक नाही.

ब्रिटनने यावर एक मार्ग काढला आहे. तेथील वैद्यकीय शिक्षणाच्या राष्ट्रीय माहितीकोशात प्रवेश परीक्षेपासून पदव्युत्तर परीक्षांपर्यंतच्या नोंदी जोडल्या जातात. नावे काढलेली असतात. मंजूर झालेल्या प्रश्नापुरतीच माहिती संशोधकाला सुरक्षित संगणकीय कक्षात पाहता येते. बाहेर पडतात ते फक्त तपासलेले निष्कर्ष. माहिती संशोधकाकडे जात नाही, संशोधक माहितीकडे येतो. हे तत्त्व आपण घ्यावे.

आता संमतीविषयी. प्रवेशाच्या दिवशी शुल्काच्या पावतीबरोबर पुढे सरकविलेल्या कागदावरील सही ही संमती नव्हे. ज्याच्या हाती अंतर्गत गुण आहेत त्याने मागितलेली संमती नाकारण्याचे धैर्य किती विद्यार्थ्यांत असेल? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे विद्यार्थ्यांना दुर्बल स्थितीतील सहभागी मानतात, ते याचसाठी. २०१७ मध्येच सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खाजगीपणा हा मूलभूत अधिकार ठरविला. २०२३ च्या व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यात संशोधनाला सूट आहे, पण त्या माहितीवरून विशिष्ट व्यक्तीविषयी कोणताही निर्णय घेता कामा नये, अशी अट आहे. ही अट म्हणजे या साऱ्या प्रश्नाचा कणा होय. वर्गाविषयी बोला, विद्यार्थ्याला हात लावू नका.

तेव्हा आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात. नोंदींची जोडणी सार्वजनिक संस्थेकडेच असावी, शिकवणी-उद्योगाला आणि खाजगी कंपन्यांना तिच्यात शिरकाव नसावा. परवानगी देणाऱ्या समितीत विद्यार्थ्यांचे निवडून आलेले प्रतिनिधी असावेत, त्यांत दलित आणि आदिवासी विद्यार्थी असावेत. कोणत्या प्रश्नासाठी कोणाला माहिती दिली, हे जाहीर व्हावे. निष्कर्ष संस्थेला गैरसोयीचे असले तरी प्रसिद्ध व्हावेत, आणि ते मराठीत विद्यार्थ्यांपर्यंत पोचावेत.

गावच्या तलाठ्याच्या दप्तरात आपल्या जमिनीविषयी काय लिहिले आहे, ते पाहण्याचा हक्क शेतकऱ्याला झगडून मिळवावा लागला. आपल्या शिक्षणाविषयी काय लिहिले जाते आणि ते कोणाच्या कामी येते, हे जाणण्याचा विद्यार्थ्याचा हक्क त्याच जातकुळीचा आहे. आपापल्या तालुक्यातील वैद्यकीय विद्यार्थ्यांशी या विषयावर बोलायला सुरुवात करा, एवढीच विनंती करून मी थांबतो.