फासकी, ससा आणि कायदा



मेळाव्यात हा विषय कशाला, असं वाटेल. पण आपल्यातल्या बऱ्याच जणांची आता पवनेकाठी, कार्ल्याकडे जमीन आहे, फार्महाऊस आहे. आणि "ससा मिळालाय, रात्री या" हे आमंत्रण अजूनही येतं.

आजोबांच्या काळी परवाना काढून शिकार करता यायची. ती आठवण घरोघर टिकली. कायदा मात्र १९७२ साली बदलला. वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकार म्हणजे फक्त बंदूक नव्हे. फासकी लावणं, विष घालणं, हाकून आणणं, अंडी फोडणं, यातल्या कशाचा नुसता प्रयत्नसुद्धा शिकारच. घोरपड पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे किमान तीन वर्षं कैद. मारलेला प्राणी सरकारी मालमत्ता ठरतो आणि ज्या गाडीतून नेला ती गाडी जप्त होते. २०२२ च्या दुरुस्तीत अनुसूच्या नव्याने लावल्या, दंड वाढवला. आमच्या कामात नवी आवृत्ती आली की बदल वाचावेच लागतात. इथेही ऐकीव माहितीवर भागत नाही.

लोंबीला आलेला इंद्रायणी रानडुकरं एका रात्रीत लोळवतात, हे खरंच आहे. त्या शेतकऱ्याला दोष देणं मला पटत नाही. त्याच्यासाठी पंचनामा, भरपाई आणि गरज पडल्यास वन विभागाची लेखी परवानगी अशी वाट आहे. ती संथ आहे, मान्य. पण फासात डुक्करच अडकेल, बिबट्या नाही, याची हमी कोण देणार?

तुमच्या जागेवर राखणदार असेल तर त्याला हे नीट समजावून सांगा. फास दिसला तर वन विभागाचा क्रमांक १९२६. ग्रुपवर टाकते आहे, आत्ताच.