कायदा कधी लागतो आणि नगरपालिका कशी जाते
(जालना जिल्ह्यातील गिरणी कामगारांच्या सभेत एका कामगार कार्यकर्त्याने केलेले भाषण)

कामगार बंधूंनो आणि भगिनींनो,

मी काही वकील नाही. चौथी पास झालो आणि पुढे साच्यावर उभा राहिलो. युनियनचे काम करता करता जे कागद हातात आले ते अक्षर अक्षर लावून वाचले, न समजले ते शहाण्या माणसांना विचारले. तेव्हा आज मी सांगणार ते पुस्तकी पांडित्य नाही. ज्याला ठेच लागली त्याने मागच्याला सांगावे, तेवढेच हे आहे.

आधी माझी ठेच सांगतो. काही वर्षांपूर्वी माझ्या गावची ग्रामपंचायत गेली आणि नगरपंचायत आली. गावाचे नाव सांगत नाही, कारण तक्रार एका गावाची नाही. त्याआधी एका कचेरीच्या फळ्यावर एक कागद लागला होता. ज्यांची हरकत असेल त्यांनी तीस दिवसांत लेखी द्यावी, असे त्यावर होते. मी तेव्हा रातपाळीला. सकाळी सुटलो की घरी येऊन झोपायचे, संध्याकाळी उठून पुन्हा गिरणी. कचेरी उघडी असते तेव्हा मी झोपेत आणि मी जागा असतो तेव्हा कचेरी बंद. मला तो कागद कळला तेव्हा तीस दिवस होऊन गेले होते. कोणी माझ्यावर जुलूम केला असे नाही. कागद लागला होता, मुदत दिली होती, सगळे कायदेशीर झाले. फक्त ज्यांचे गाव होते त्यांना पत्ता नव्हता.

पुढे शेजारच्या म्हातारीने मला विचारलं, "कामून रे बाबा, ग्रामसभा कवा हाय?"

मी म्हटलं, "आजी, आता ग्रामसभा नाही. आपलं गाव आता शहर झालं."

ती म्हणाली, "शहर झालं? मंग नळ कुठं हाय?"

हसू नका. त्या म्हातारीने एका वाक्यात सगळा प्रश्न सांगितला. तोच मी आता जरा विस्ताराने मांडतो.

पहिली गोष्ट, कायदा लागतो कसा? आपल्याला वाटते मुंबईत नाहीतर नागपुरात सभागृहात हात वर झाले की कायदा झाला. तसे नाही. विधेयक आधी विधानसभेत आणि विधानपरिषदेत मंजूर व्हावे लागते. मग ते राज्यपालांकडे जाते. त्यांची संमती मिळाली की ते शासनाच्या राजपत्रात छापले जाते. कायद्यात तारीख लिहिली नसेल तर छापल्या दिवसापासून तो लागू होतो. पण पुष्कळ कायद्यांच्या पहिल्याच कलमात एक ओळ असते: शासन राजपत्रात अधिसूचना काढून नेमील त्या दिवशी हा कायदा अंमलात येईल. ही ओळ नीट ध्यानात ठेवा. गिरणीत कापडाचा तागा तयार झाला, शिक्का बसला, गठ्ठा बांधला, तरी गेटपास मिळेपर्यंत तो गेटाबाहेर पडत नाही. कायद्याचेही तसेच आहे. कापड विधिमंडळ विणते, गेटपास मात्र सरकारच्या हातात.

आपल्या पोटाशी लागून असलेले उदाहरण घ्या. कामगारांचे २९ जुने कायदे मोडून केंद्र सरकारने चार संहिता केल्या. वेतनाची संहिता संसदेत २०१९ साली मंजूर झाली, बाकीच्या तीन २०२० साली. त्या लागू कधी झाल्या? २१ नोव्हेंबर २०२५ रोजी. म्हणजे पाच-सहा वर्षे कायदा पुस्तकात होता आणि गेटावर जुनाच कायदा चालू होता. संहिता चांगल्या की वाईट हा वेगळा विषय, त्यावर वेगळी सभा घेऊ. पण काय मंजूर झाले एवढेच विचारून भागत नाही, कधी लागू झाले तेही विचारावे लागते.

आणि अधिवेशन चालू नसेल तर? तर राज्यपाल वटहुकूम काढू शकतात. तो लगेच कायद्यासारखा लागू होतो. पण सभागृह पुन्हा भरल्यावर सहा आठवड्यांत त्याला मंजुरी मिळाली नाही तर तो आपोआप पडतो.

आता मराठवाड्याचे बघा. निजामाच्या राज्यात फर्मान निघायचे, ते उर्दूत. ज्याच्या मानेवर ते बसायचे त्या मराठी शेतकऱ्याला ते वाचता येत नव्हते. १७ सप्टेंबर १९४८ ला आपण त्या राज्यातून सुटलो. १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्य मोडले आणि मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. मग मुंबईच्या कामगारांनी रस्त्यावर रक्त सांडले, १०६ हुतात्मे झाले आणि १ मे १९६० ला महाराष्ट्र राज्य उभे राहिले. ते कशासाठी? नुसता नकाशा रंगवायला नाही. आपल्यावर लागणारा कायदा आपल्या भाषेत यावा, आणि तो करणाऱ्याला आपल्या भाषेत जाब विचारता यावा, यासाठी.

पण गंमत बघा. हैदराबाद राज्याने १९५६ सालीच जिल्हा नगरपालिकांचा एक कायदा केला होता. त्याच वर्षी ते राज्य गेले, पण त्याचा कायदा मराठवाड्यात तसाच चालू राहिला. राज्य मेले तरी कायदा जगतो, तो कोणीतरी रद्द करीपर्यंत. विदर्भात मध्यप्रांत-वऱ्हाडचा १९२२ चा कायदा, तिकडे पश्चिमेकडे मुंबई इलाख्याचे १९०१ आणि १९२५ चे कायदे. म्हणजे महाराष्ट्र एक झाला, पण नगरपालिका तीन घरच्या राहिल्या. त्या एका छत्राखाली आल्या १९६५ च्या महाराष्ट्र नगरपालिका अधिनियमाने. आणि तोही मंजूर झाला १९६५ ला, अंमलात आला जून १९६७ मध्ये. पुन्हा तोच गेटपास.

आता दुसरी गोष्ट. नगरपालिका जाते कशी? माझ्या समजुतीप्रमाणे तिला जायला तीन दारे आहेत.

पहिले दार शिक्षेचे. नगरपालिका काम करीत नाही, अधिकाराचा गैरवापर करते, असे सरकारला वाटले तर सरकार ती बरखास्त करू शकते. पण इथे आपल्याला घटनेचे संरक्षण आहे. १९९२ साली झालेली चौऱ्याहत्तरावी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून लागू आहे. ती सांगते की बरखास्तीआधी नगरपालिकेचे म्हणणे ऐकून घेण्याची वाजवी संधी दिलीच पाहिजे, आणि बरखास्त केल्यापासून सहा महिन्यांच्या आत निवडणूक झाली पाहिजे. आपल्यालाही कामावरून काढायचे तर आधी नोटीस आणि चौकशी लागते ना? तसेच हे.

दुसरे दार मुदतीचे. पाच वर्षे संपली की सदस्य घरी जातात. घटना म्हणते की मुदत संपण्याच्या आतच नवी निवडणूक व्हावी. पण निवडणूक झालीच नाही तर प्रशासक येऊन बसतो. बरखास्तीचा हुकूम नाही, नोटीस नाही, सुनावणी नाही. दिवा कोणी विझवला नाही, तेल घातले नाही एवढेच.

तिसरे दार रूपांतराचे. ग्रामपंचायतीची नगरपंचायत होते, नगरपरिषदेची महानगरपालिका होते, किंवा शेजारचे गाव शहराच्या हद्दीत जाते. इथे नगरपालिकेचा काहीच गुन्हा नसतो. मसुदा राजपत्रात छापतात, हरकती मागवतात, मग अंतिम अधिसूचना निघते आणि जुनी संस्था त्या दिवशी संपते. तिची मालमत्ता, कर्ज, नोकर, कर सगळे नव्या संस्थेकडे जाते.

बंधूंनो, लोकांचे लक्ष पहिल्या दाराकडे असते, कारण तिथे आरडाओरड होते. लहान संस्था मात्र जास्त करून तिसऱ्या दाराने गुपचूप जातात. आपल्याच जिल्ह्यात बदनापूर, जाफ्राबाद, मंठा, घनसावंगी इथल्या ग्रामपंचायती गेल्या आणि नगरपंचायती आल्या. २०१४ पासून तालुक्याच्या गावांसाठी सरकारचे धोरणच तसे होते. त्यातून गावांना काही मिळालेही असेल. पण ग्रामसभा गेली. गावात प्रत्येक मतदाराला उठून सरपंचाला हिशेब विचारता येत होता. ती बसायची जागाच उठली.

आणि खुद्द जालना शहर? २०११ च्या जनगणनेत इथली लोकसंख्या २,८५,५७७ होती. २०१६ च्या अखेरीस निवडून आलेल्या नगरसेवकांची मुदत २०२१ च्या अखेरीस संपली. प्रशासक आला. हे झाले दुसरे दार. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा आणि प्रभागरचनेचा वाद न्यायालयात होता म्हणून राज्यभर निवडणुका अडल्या. तेवढ्यात २०२३ साली जालना नगरपरिषदेची महानगरपालिका झाली. हे तिसरे दार. ज्या कायद्याखाली ती झाली तो १९४९ चा. त्याच्या नावात कितीतरी वर्षे 'मुंबई प्रांतिक' हे शब्द होते. नगरपरिषद संपली त्या दिवशी सभागृहात लोकांनी निवडलेला एकही माणूस नव्हता, जो उठून हो किंवा नाही म्हणेल. सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०२५ ला निवडणुका घ्या म्हणून बजावले. नगरपरिषदांच्या निवडणुका डिसेंबर २०२५ मध्ये झाल्या आणि जालना महानगरपालिकेची पहिली निवडणूक १५ जानेवारी २०२६ ला झाली. म्हणजे चार वर्षे शहराला नगरसेवक नव्हता. 'सरकारी काम आणि सहा महिने थांब' ही आपली जुनी म्हण. घटनेने बरखास्तीनंतरसुद्धा सहाच महिने दिले. इथे बरखास्ती न करता चार वर्षे गेली.

महानगरपालिका झाली म्हणून मला राग आहे असे समजू नका. मोठ्या संस्थेला अधिकार जास्त, यंत्रणा मोठी. ती झाली पाहिजे असे म्हणणारे भलेभले लोक शहरात आहेत आणि त्यांचे म्हणणे फुकट नाही. माझे म्हणणे एवढेच की मूल बारशाला बसवताना घरच्यांना विचारा.

कोणी म्हणेल, आपल्या मराठी राज्यात एवढे काय भ्यायचे? तर मग बेळगावकडे बघा. २००५ साली बेळगाव महापालिकेने महाराष्ट्रात सामील होण्याचा ठराव केला. कर्नाटक सरकारने त्याच वर्षी महापालिका बरखास्त केली. महापौर विजय मोरे यांच्या तोंडाला बंगळुरात काळे फासण्यात आले. २०११ साली १ नोव्हेंबरच्या काळ्या दिनात महापौर मंदा बाळेकुंद्री सामील झाल्या, आणि त्या वर्षी महापालिका पुन्हा बरखास्त झाली. तिथल्या आपल्या भावांना पहिल्या दाराचा अनुभव आला. त्यांची संस्था बोलली म्हणून गेली. आमची संस्था गेली तेव्हा बोलायला कोणी नव्हते. बेळगावच्या अन्यायाविरुद्ध आपण ओरडतो ते बरोबरच. पण लोकांनी निवडलेली संस्था लोकांना विचारल्याशिवाय जाऊ नये, हे तत्त्व तिकडे खरे असेल तर ते जालन्यातही खरे असले पाहिजे. नाहीतर बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात.

मग करायचे काय? मोठे काही सांगत नाही, चार कामे सांगतो.

एक, प्रत्येक खात्यातून एक वाचणारा माणूस नेमा. राजपत्र आता मोबाईलवर मराठीत वाचता येते. आठवड्यातून एकदा त्याने पाहावे आणि जेवणाच्या सुटीत सगळ्यांना सांगावे.

दोन, कायदा झाला असे कोणी म्हटले की विचारा, लागू कधीपासून? तारीख दाखवा.

तीन, हद्दीचा किंवा रूपांतराचा मसुदा निघाला की मुदतीत लेखी हरकत द्या. दोन ओळी असल्या तरी चालतील. द्या आणि पोच घ्या. पोच नसेल तर हरकत दिलीच नव्हती असे धरून चाला. रातपाळीवाल्यांची हरकत दिवसपाळीवाल्यांनी नेऊन द्यावी. माझ्या वेळी हे सांगायला कोणी नव्हते.

चार, निवडणूक लांबली तर गप्प बसू नका. नळाला पाणी नाही तर आपण हंडे घेऊन जातो, मत नाही तर निदान निवेदन घेऊन तरी जा.

बंधूंनो, मशीन चालताना धागा तुटला तर कोण धावतो? जो साच्यावर उभा आहे तो. मास्तरला तो दुरून दिसत नाही. आपल्या गावाचा, आपल्या वस्तीचा धागा तुटताना तिथे उभे आपणच असतो. तो सांधणेही आपलेच काम आहे. त्या म्हातारीचा नळ अजून आलेला नाही. तिला उत्तर देणारा माणूस आपण निवडून दिलेला असावा, तो मराठीत बोलावा, आणि त्याला पाच वर्षांनी आपल्यापुढे पुन्हा उभे राहावे लागावे, एवढीच माझी मागणी आहे.

सीमाभागासह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे! कामगार एकजुटीचा विजय असो! जय महाराष्ट्र!